ए२ चं लेबल, पाच दिवसांचा आदेश आणि तुपातलं शून्य प्रोटीन

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पत्रक काढलं की दूध आणि दुधाच्या पदार्थांवर ‘ए१’, ‘ए२’ (दुधातल्या एका प्रोटीनचे दोन प्रकार) असं जे छापलं जातं ते काढून टाका, वेबसाईटवरून पण काढा, ऑनलाईन विकणाऱ्या कंपन्यांनी तर लगेच काढा, आणि आधीच छापून ठेवलेल्या पिशव्या-डबे असतील तर ते संपवायला सहा महिने, त्यापुढे मुदतवाढ नाही. पुढच्या सोमवारी २६ तारखेला, नेमक्या गोकुळाष्टमीच्या दिवशी, तेच पत्रक मागे घेतलं. कारण दिलं की संबंधितांशी अजून चर्चा करायची आहे. पाच दिवसात विषय संपला, आणि ए२ चे डबे होते तिथेच शेल्फवर राहिले.

तेव्हा व्हॉट्सअपवर दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक म्हणे हे विदेशी कंपन्यांचं षडयंत्र, देशी गाय संपवायला निघालेत, दुसरी म्हणे ए२ हा सगळा फ्रॉडच आहे. मला दोन्ही पटलं नाही. कारण ए२ ही गोष्ट खरी आहे, अगदी जीनमधे दाखवता येते इतकी खरी आहे, पण तिच्या नावावर जे विकलं जातं त्यातलं बरंच तिच्याशी संबंधित नाही. या दोन गोष्टींची गल्लत पत्रकाने पण केली आणि पत्रकाच्या विरोधकांनी पण केली. म्हणून हे प्रकरण जरा मुळापासून बघू.

आधी शास्त्र. गायीच्या दुधात जे प्रोटीन असतं त्यातलं साधारण ८० टक्के केसीन, आणि त्या केसीनमधला एक मोठा हिस्सा बीटा-केसीन. सगळ्या दूध-प्रोटीनचा अंदाजे तिसरा भाग हा एकटाच. याचा जीन गायीच्या सहाव्या क्रोमोसोमवर आहे, नाव सीएसएन२, आणि त्यातून २०९ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. या साखळीत ६७ व्या जागेवर जर प्रोलीन असेल तर ते ए२, हिस्टिडीन असेल तर ए१. डीएनएमधे बघायला गेलं तर फक्त एका अक्षराचा फरक, सीसीटी च्या जागी सीएटी, बस. बाकी २०८ जागा सारख्याच. मूळ रूप ए२ चं, ए१ हा नंतर युरोपातल्या गायींमधे आलेला बदल, आणि म्हशीत, शेळीत, मेंढीत, इतकंच काय माणसाच्या आईच्या दुधातसुद्धा त्या जागी प्रोलीनच असतं.

आता एका अक्षराने काय होतं तर पचनात फरक पडतो. हिस्टिडीन असेल तर ६६ आणि ६७ मधला जोड एन्झाइम सहज तोडतात आणि ६० ते ६६ असा सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटा होतो, त्याला बीसीएम-७ म्हणतात, बीटा-कॅसोमॉर्फिन. मॉर्फिन नाव आलं की लोकं दचकतात, आणि जाहिरातवाल्यांना तेच हवं असतं. खरं आहे की शरीरात मॉर्फिन जिथे चिकटतं त्या ओपिऑइड रिसेप्टरला हा तुकडा चिकटतो, पण जोर खूप कमी. प्रोलीन असेल तर तो जोड तुटणं अवघड जातं म्हणून ए२ मधून बीसीएम-७ फार कमी निघतो. प्रयोगशाळेत हे दाखवलंय, यावर फारसा वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे, की आतड्यात सुटलेला हा तुकडा रक्तात जाऊन माणसाला आजारी पाडतो का. आपल्या आतड्याच्या भिंतीवर आणि रक्तात डीपीपी-४ नावाचा एन्झाइम असतो, प्रोलीनवाले असे छोटे तुकडे कापायचं कामच त्याचं. त्यामुळे निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात बीसीएम-७ अख्खा पोचतो याचा भक्कम पुरावा मिळाला नाही.

मग ‘ए१ म्हणजे विष’ हे आलं कुठून? न्यूझीलंडमधून. ऑकलंडचे बालआरोग्याचे प्रोफेसर बॉब एलियट यांना दिसलं की सामोआ बेटांवरच्या मुलांना टाइप-१ डायबेटिस फारसा होत नाही, पण तीच सामोअन मुलं न्यूझीलंडमधे वाढली की प्रमाण वाढतं. त्यांचा संशय दुधावर गेला. १९९९ मधे त्यांनी १० देशांचे आकडे मांडले: एकूण दूध-प्रोटीन आणि मुलांमधला डायबेटिस यांचं नातं ढिलं, पण ए१ आणि त्याच गटातलं बी हे बीटा-केसीन मोजलं तर कोरिलेशन ०.९८ (१ म्हणजे दोन्ही आकडे तंतोतंत सोबत चालतात). बघून कोणीही हादरेल असा आकडा. २००० मधे तिथेच ए२ कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली, शास्त्रज्ञ कोरन मॅकलाक्लन आणि उद्योजक हॉवर्ड पॅटरसन यांची. २००१ मधे मॅकलाक्लनने हृदयविकारावर तसाच पेपर लिहिला. कंपनीचे दोन्ही संस्थापक २००३ मधेच वारले, पण कंपनी टिकली, वाढली, आज ती द ए२ मिल्क कंपनी म्हणून शेअर बाजारात आहे.

इथे जरा थांबून तो ०.९८ नीट बघूया, कारण अख्खा बाजार त्याच्यावर उभा आहे. १० देश म्हणजे १० ठिपके. प्रत्येक देशाचा सरासरी ए१ आणि प्रत्येक देशाचा सरासरी डायबेटिस, त्यात एकही मूल असं नाही ज्याने किती ए१ पिलं आणि त्याला पुढे काय झालं हे कोणी पाहिलंय. उत्तर युरोपातले देश ए१ पण जास्त पितात आणि तिथे ऊन कमी, वंश वेगळा, इन्फेक्शनचा पॅटर्न वेगळा, आणि टाइप-१ पण जास्त. देशांच्या सरासरीवरून माणसाच्या शरीराबद्दल बोलायचं म्हटलं की हा घोटाळा होतोच. मग उंदरांवर नीट प्रयोग झाला, वेगवेगळ्या देशांतल्या लॅबमधे, कोणतं खाणं कुणाला चाललंय हे लपवून. २००२ मधे त्याचे निकाल आले आणि ए१ मुळेच डायबेटिस होतो या म्हणण्याला त्यातून आधार मिळाला नाही. २००९ मधे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, तेव्हापर्यंतचं सगळं चाळलं आणि म्हटलं की बीसीएम-७ आणि डायबेटिस, हृदयविकार, ऑटिझम अशा आजारांमधे कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही. त्याच्या आधीच २००४ ला ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधे ए२ विकणाऱ्यांना आरोग्याच्या खोट्या दाव्यांबद्दल दंड बसला होता. आणि पुढे २०१८ मधे एक मोठी ट्रायल आली, २१५९ बाळं, टाइप-१ चा धोका असलेल्या घरातली. काहींना साधा फॉर्म्युला, काहींना केसीन आधीच बारीक तोडलेला फॉर्म्युला. तोडलेल्या केसीनने डायबेटिस कमी झाला नाही. ही ए१-ए२ ची थेट परीक्षा नव्हती पण गायीचं प्रोटीन कमी केलं की टाइप-१ टळेल या आशेवर तिने बऱ्यापैकी पाणी फिरवलं.

यानंतर कंपनीने सूर बदलला, आणि हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. डायबेटिस, हार्ट वगैरे मागे पडलं आणि ‘पोटाला हलकं’ पुढे आलं. यावर मात्र माणसांवर खरे प्रयोग आहेत. २०१४ मधे ऑस्ट्रेलियात ४१ जणांना रोज ७५० मिली दूध, आधी एक प्रकार मग दुसरा. ए१ वर शौच थोडी जास्त सैल आढळली. २०१६ मधे चीनमधे ४५ जण, ज्यांना दूध पचत नाही असं ते स्वतः म्हणत होते, त्यांच्यात मिश्र दुधापेक्षा नुसत्या ए२ दुधावर पोटाच्या तक्रारी कमी. म्हणजे काहीतरी आहे, अगदी शून्य नाही. पण बहुतेक पैसा कंपनीचाच, लोकं थोडी, दिवस थोडे, आणि गंमत बघा, ओपिऑइडमुळे आतडं मंदावतं असा सिद्धांत आहे, चीनमधे तसं अन्न पोटातून पुढे सरकायला जास्त वेळ लागलेला दिसला, मग ऑस्ट्रेलियात शौच सैल का? दोन्ही एकाच कारणाखाली बसवायला ओढाताण करावी लागते. माझं मत असं की काही लोकांना ए२ खरंच बरं वाटत असेल, पण ‘बरं वाटणं’ आणि ‘आजार टळणं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि डब्यावर दुसरं छापलेलं असतं.

अजून एक, पोट फुगतं म्हणून ए२ घेणाऱ्यांमधले बरेच जण खरंतर लॅक्टोजचे पेशंट असतात. लॅक्टोज ही दुधातली साखर, प्रोटीनशी तिचा संबंध नाही, ए१ असो की ए२, तितकीच असते. ती पचवणारा लॅक्टेज हा एन्झाइम मोठेपणी चालू राहील की बंद होईल हे माणसाच्या स्वतःच्या जीनवर ठरतं, गायीच्या नाही. भारतात वायव्येकडे तो चालू राहणारे लोक जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. अशा माणसाला दही-ताक चालतं आणि ग्लासभर दूध चालत नाही, ही साधी खूण. आणि ज्या बाळाला गायीच्या दुधाची ॲलर्जी आहे, अंगावर पित्त उठतं, रक्ताची शी होते, त्याला ‘ए२ आहे ना, चालेल’ म्हणून देऊ नका, ए२ मधे पण तेच बाकीचे प्रोटीन असतात, ॲलर्जी तशीच राहते. कुणी टाइप-१ च्या मुलाचं इन्सुलिन सोडून ए२ वर ठेवायला सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा, बाकी काय बोलणार.

आता आपल्याकडची बाजू. कर्नालच्या एनबीएजीआरने, म्हणजे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने, २००९ मधे देशी गायींच्या १५ जाती आणि म्हशींच्या ८ जाती तपासल्या होत्या. देशी गायींमधे ए२ अॅलील (म्हणजे जीनचं ए२ रूप) ९८ टक्क्यांच्या वर, म्हशी सरसकट ए२. म्हणजे गीर, खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांचं दूध ए२ असण्याची शक्यता प्रचंड, यात विक्रेते खोटं बोलत नाहीत. पण एक-दोन देशी जातींत थोडा ए१ सापडला होता, त्यामुळे ‘देशी म्हणजे १०० टक्के ए२’ हे पण अक्षरशः खरं नाही. आणि उलट बाजूने, एचएफ (होल्स्टीन ही विदेशी गाय) म्हणजे ए१ हे तर साफच चूक. होल्स्टीनमधे दोन्ही अॅलील भरपूर असतात, कळप बदलला की प्रमाण बदलतं, शुद्ध ए२ए२ (आई-बाप दोघांकडून ए२ आलेल्या) एचएफ गायी ढीगभर आहेत. न्यूझीलंडच्या कंपनीचा धंदा देशी गायींवर उभाच नाहीये, तिकडे विदेशी गायीच तपासून वेगळ्या काढतात! आपल्याकडे मात्र ए२ म्हणजे वशिंडवाली गाय असं समीकरण पक्कं झालंय. आणि म्हैस? कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून ग्लासात देतात ते म्हशीचं दूध शंभर टक्के ए२ आहे, पिणाऱ्याने कधी विचारलं नाही आणि देणाऱ्याने कधी सांगितलं नाही.

मग एफएसएसएआयचं नेमकं म्हणणं काय होतं? त्यांचा मुद्दा असा की ए१-ए२ हा फरक बीटा-केसीनच्या रचनेचा आहे, दुधाच्या २०११ च्या मानकांमधे असा काही प्रकारच नाही, आणि दुधातल्या फॅटच्या पदार्थांवर, तूप-लोण्यावर, ए२ लिहिणं दिशाभूल करणारं आहे. या शेवटच्या मुद्द्यावर मी शंभर टक्के त्यांच्या बाजूने. कुठलाही ‘ए२ गीर बिलोना (दही घुसळून काढलेलं) तूप’चा डबा घ्या, उलटा करा, मागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो, त्यात प्रोटीनच्या पुढे बघा: ० ग्रॅम. ए२ हे प्रोटीनचं नाव आहे आणि तुपात प्रोटीनच नाही. ज्यांनी घरी लोणी कढवलंय त्यांना हे डोळ्याने माहिती आहे. सायीला विरजण लावलं, घुसळलं, लोणी वर आलं, त्यातलं बहुतेक केसीन ताकात राहिलं. उरलंसुरलं लोण्यासोबत कढईत आलं ते कढवताना करडं-तपकिरी होऊन तळाशी बसलं. ती बेरी. साखर घालून मुलं चाटून खातात ती. म्हणजे तुमचं ए२ मुलांच्या वाटीतल्या बेरीत गेलं, आणि साध्या तुपाच्या तिप्पट-चौपट पैसे मोजून आणलेल्या डब्यात राहिलं ते फॅट. तूप चांगलं असेल, वास मस्त असेल, दाणेदार असेल, त्या चवीचे पैसे द्या की, पण ए२ चे नका देऊ.

पण दुधाच्या बाबतीत तोच न्याय लावला ते मला चुकलं वाटतं. दुधात केसीन आहे, ए२ तपासता येतं, आणि एखादा माणूस खरंच तपासून विकत असेल तर त्याला ते छापू न देणं म्हणजे खऱ्या माहितीवर बंदी. दावा दोन थरांचा आहे. पहिला थर, ‘या दुधात फक्त ए२ बीटा-केसीन आहे’, हा तपासता येणारा, खरा किंवा खोटा ठरवता येणारा. दुसरा, ‘म्हणून हे डायबेटिस-हार्टसाठी चांगलं’, हा आजच्या पुराव्यावर टिकत नाही. पत्रकाने दोन्ही थर एकाच फटक्यात उडवले. मग गीर पाळणारे खवळले, त्यांच्यातर्फे पंतप्रधानांपर्यंत पत्रं गेली, उलट काही मोठ्या डेअरीवाल्यांनी पत्रकाचं स्वागत केलं. आणि पाच दिवसांनी दोन्ही थर तसेच परत आले, तुपासकट. जी गोष्ट निर्विवाद होती ती पण वाहून गेली, हे या प्रकरणातलं खरं नुकसान.

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं की राग का आला ते समजतं. संध्याकाळी गावातल्या संकलन केंद्रावर जा. कॅन ओततात, नमुना मशीनमधे जातो, छोटी स्लिप बाहेर येते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला, एखादा पॉइंट खाली गेला की पैसे कापले. जुलै २०२४ मधे सरकारने या गुणप्रतीला ३० रुपये आणि वर ५ रुपये अनुदान असं ठरवलं होतं. त्या स्लिपवर बीटा-केसीनचा रकाना नाही. खिल्लारीचं दूध असो की संकरित गायीचं, सगळं एकाच बल्क कूलरमधे. आता खिल्लार दिवसाला तीन-चार लिटर देणार आणि चांगली संकरित गाय पंधरा-वीस. त्या दराने खिल्लार पाळणं म्हणजे हौस. म्हणून ज्याच्याकडे देशी गाय आहे तो डेअरीला न घालता स्वतः बाटलीत भरून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधे शंभरीच्या आसपास किंवा वर विकतो, आणि तो दर मिळवून देणारा एकच शब्द त्याच्याकडे आहे, तो म्हणजे ए२. तो शब्द काढला तर त्याच्या हातात काय राहिलं? म्हणून मला वाटतं की जास्त दर मागण्यात गैर काहीच नाही, गाय कमी दूध देते, खर्च तेवढाच होतो, जात टिकवायची आहे, हे कारण पुरेसं आणि खरं आहे. गिऱ्हाईकाला घाबरवून तो दर काढणं, ‘साध्या दुधाने तुमच्या पोराला डायबेटिस होईल’ म्हणणं, ते मात्र चालणार नाही, कारण ते साधं दूध शेजारच्याच शेतकऱ्याचं आहे.

पुढे ३० सप्टेंबर २०२४ ला महाराष्ट्र सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं, गोशाळांतल्या देशी गायींना रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. निवडणूक तोंडावर होती हे सांगायला नकोच. पण संकलन केंद्रावरची स्लिप आहे तशीच राहिली.

तपासणीचं म्हणाल तर ती काही रॉकेट सायन्स नाही. शेपटीचे थोडे केस मुळासकट उपटून पाकिटात घालायचे, लॅबला पाठवायचे, डीएनए काढून पीसीआर केला की उत्तर येतं: ए१ए१, ए१ए२ किंवा ए२ए२. एका जनावराला आयुष्यात एकदाच, कारण जीन काही बदलत नाही. ए१ए२ गाय दोन्ही प्रकारचं बीटा-केसीन देते, म्हणून अशा एका गायीचं दूध कॅनमधे पडलं की अख्खा कॅन ‘शुद्ध ए२’ राहत नाही. आणि ज्यांच्याकडे संकरित गायी आहेत त्यांनाही वाट आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मधे बाएफ ही संस्था सुरू केल्यापासून महाराष्ट्रात संकरीकरण गावोगाव पोचलं, त्या गायी आता परत जाणार नाहीत, जायची गरजही नाही. रेतन करताना ए२ए२ वळूच्या वीर्याची कांडी मागायची. गाय ए१ए१ असेल तर पहिली कालवड ए१ए२ होणार, तिला परत ए२ए२ कांडी दिली की पुढच्या पिढीत निम्म्या ए२ए२. गाय आधीच ए१ए२ असेल तर पहिल्याच वेताला निम्मी शक्यता. दोन पिढ्या म्हणजे पाच-सहा वर्षं, पण गोठा न विकता होतं.

तोपर्यंत बाटलीतलं दूध घेणाऱ्याने विक्रेत्याला विचारायचं ते एवढंच: गायी तपासल्यात का, कितीची टेस्ट केली, रिपोर्ट दाखवता का, दूध कोणत्या गोठ्यातून येतं आणि मधे दुसरीकडचं मिसळतं का. वशिंडाचा फोटो हे उत्तर नाही. आणि तुपाच्या डब्यावर ए२ दिसलं तर काहीच विचारू नका, उलटा करून प्रोटीनची ओळ वाचा आणि वास आवडला तर घ्या.